भरलेली परत येणारी बाटली

संध्याकाळी शाळेतून घरी आले की पर्समधली स्टीलची बाटली काढायची आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामी करायची, हा माझा कित्येक वर्षांचा शिरस्ता होता. बाटली पाऊण लिटरची. सकाळी माठातले पाणी भरून न्यायची आणि दिवसभराच्या प्रवासानंतर, सात तासांच्या शाळेनंतर ती जवळजवळ तशीच परत आणायची. आपण पाणी पीत नाही असे मला कधी वाटले नाही, कारण तहान लागल्याचेच मला जाणवत नसे. शरीराला एखादी गोष्ट रोज नाकारली की काही काळाने ते मागणेच सोडून देते, हे मला २०१६ सालच्या नोव्हेंबरमध्ये रुग्णालयाच्या खाटेवर कळले.

मी साताऱ्यात राहते आणि खटाव तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत शिकवते. जाण्याचा प्रवास एस.टी.ने, दीड तासाचा. सकाळी साडेआठला घर सोडले की परतायला सात वाजतात. या साडेदहा तासांत माझ्यासाठी स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे, याचा हिशोब मी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात नकळत मांडला होता. स्टँडवर एक आहे, पण तिथे आत पाऊल टाकण्याआधी नाकाला पदर लावावा लागतो आणि दाराची कडी लागत नाही. शाळेत पुढे एक झाले, पण त्याला कुलूप असे. गावात ओळखीची दोन घरे आहेत, पण शिक्षिकेने रोज उठून त्यांच्याकडे जावे आणि काय सांगावे? हिशोबाचे उत्तर एकच निघत होते. सकाळी अर्धा कप चहा घ्यायचा, पाणी घ्यायचे नाही, आणि घरी पोहोचल्यावर सर्वांत आधी कुठे जायचे ते ठरलेले असायचे. माझ्याबरोबर प्रवास करणाऱ्या तीन-चार शिक्षिकांचा हिशोबही हाच होता. आम्ही भाज्यांच्या भावापासून मुलांच्या परीक्षांपर्यंत सगळे बोलत असू, हे मात्र वीस वर्षांत एकदाही बोललो नाही.

त्या काळात वर्षातून तीन-चार वेळा मला उन्हाळी लागायची. हा शब्द आपल्याकडे प्रत्येक घरात आहे. लघवीला जळजळ होते, थेंब थेंब होते, पुन्हा पुन्हा जावेसे वाटते आणि ओटीपोट दुखते, या सगळ्याला आपण उन्हाळी म्हणतो, मग ती ऐन डिसेंबरात का लागेना. शब्दातच उष्णतेचा दोष मान्य केलेला असल्यामुळे उपायही थंडावा देणारेच: धणे-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे सरबत. त्याने बरे वाटायचे, आणि त्याचे कारण आज मला कळते की त्या निमित्ताने दोन दिवस घरी थांबून मी भरपूर पाणी पीत असे. दुखणे फारच वाढले तर औषधाच्या दुकानातून मागच्या वेळच्याच गोळ्या आणायच्या, दोन दिवस घ्यायच्या, जळजळ थांबली की उरलेल्या डब्यात ठेवून द्यायच्या, पुढच्या खेपेसाठी. या डब्यातल्या गोळ्यांचा मला आज सर्वांत जास्त पश्चात्ताप होतो, त्याविषयी पुढे लिहिते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यात एका संध्याकाळी बसमध्येच मला हुडहुडी भरली. घरी पोहोचेपर्यंत दात वाजत होते, ताप १०३ झाला, उजव्या बाजूला बरगडीच्या खाली पाठीत कोणी मूठ आवळून धरल्यासारखे दुखत होते आणि उलटी थांबत नव्हती. यजमानांना मलेरिया वाटला, सासूबाईंना प्रवासाची दगदग वाटली. रात्री अकराला मला दाखल केले, आणि सकाळी लघवीच्या तपासणीत पू पेशी भरभरून निघाल्या. मूत्राशयातला संसर्ग वर चढून मूत्रपिंडापर्यंत गेला होता. पाच दिवस शिरेतून प्रतिजैविके दिली गेली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर डॉक्टरबाई राउंडला आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी विचारले, "दिवसभरात पाणी किती पिता?" मी शिक्षिका असल्यामुळे बरोबर उत्तर काय ते मला माहीत होते, म्हणून मी दोन लिटर असे सांगितले. त्यांनी केसपेपरकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि फार हळू आवाजात दुसरा प्रश्न विचारला. "मॅडम, तुम्ही पाणी पीत नाही, की तुम्हाला पिता येत नाही?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. मला रडू आले. मग मी त्यांना स्टँड, बस, कुलूप, किल्ली असे सगळे सांगितले. त्या ऐकून घेत होत्या आणि मधेच म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्या नर्स, पोलीस, कंडक्टर, दुकानात उभ्या राहणाऱ्या मुली, सगळ्या मला हेच सांगतात. फक्त आधी सगळ्या दोन लिटर म्हणतात."

केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पेनने एक चित्र काढून दाखवले, ते मी अजून जपून ठेवले आहे. वर दोन मूत्रपिंडे, त्यांतून खाली उतरणाऱ्या दोन बारीक नळ्या, खाली पिशवीसारखे मूत्राशय, आणि त्यातून बाहेर जाणारा मार्ग. पुरुषांमध्ये हा शेवटचा मार्ग साधारण २० सेंटिमीटर लांब असतो, स्त्रियांमध्ये तो जेमतेम ४ सेंटिमीटरचा. शिवाय त्याचे तोंड गुदद्वाराच्या जवळ असते. आपल्याच आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारे ई. कोलाय नावाचे जंतू एवढे छोटे अंतर सहज पार करतात, आणि अशा संसर्गांपैकी बहुतेकांचे मूळ तेच असते. जंतू वर चढणे ही रोज घडणारी गोष्ट आहे. त्यांना बाहेर काढण्याची शरीराची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे वरून येणाऱ्या लघवीने मार्ग धुऊन निघणे. मूत्राशयात १५० ते २०० मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते आणि साधारण ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत ते सावकाश भरत जाते. आपण पाणीच प्यायलो नाही तर ते भरायला खूप वेळ लागतो, आणि भरल्यावरही रोखून धरले तर तेवढा वेळ जंतूंना उबदार जागेत वाढायला मिळतो. मी वीस वर्षे या दोन्ही गोष्टी रोज करत होते.

स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या जणींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, त्यामुळे तो होणे हा काही कोणाचा दोष नाही. पण वारंवार होत असेल तर पाण्याने फरक पडतो, आणि हे केवळ आजीचे शहाणपण नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षातून तीन किंवा अधिक वेळा हा संसर्ग झालेल्या आणि एरवी दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी व पेये घेणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. निम्म्या जणींना रोज आणखी दीड लिटर पाणी प्यायला सांगितले, उरलेल्या नेहमीप्रमाणेच पीत राहिल्या. वर्षभरानंतर जास्त पाणी पिणाऱ्यांमध्ये संसर्गाचे सरासरी प्रमाण १.७ वेळा होते, तर दुसऱ्या गटात ३.२ वेळा. औषध काहीही नाही, फक्त पाणी. हे वाचल्यावर मला आनंदापेक्षा राग अधिक आला, कारण इतका स्वस्त उपाय आपल्या गावांत आणि शहरांत निम्म्या लोकसंख्येच्या आवाक्याबाहेर ठेवला गेला आहे. पाणी तर मिळते, पण ते पिऊन झाल्यावर जायचे कुठे, या प्रश्नाला उत्तर नसते.

आता त्या डब्यातल्या गोळ्यांविषयी. अर्धवट घेतलेली प्रतिजैविके दुर्बळ जंतूंना मारतात आणि चिवट जंतूंना मागे ठेवतात. माझ्या लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून कोणत्या औषधाने ते मरतात हे पाहण्याच्या तपासणीत, मी वर्षानुवर्षे घेत असलेल्या गोळीपुढे जंतू दाद देत नाहीत असे निघाले. म्हणूनच शिरेतून औषध चालू ठेवावे लागले. या तपासणीचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेचा घ्यायचा असतो, हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. त्रास वारंवार होणाऱ्या प्रत्येकीने उरलेल्या गोळ्या न जपता एकदा ही तपासणी करून घ्यावी, असे मी कळकळीने सांगते.

रुग्णालयातून आल्यावर मी शाळेकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. आमच्या वर्गात मुलीला बाहेर जायचे असेल तर ती करंगळी दाखवते. तोंडाने म्हणायचे असेल तर "बाई, जाऊ का?" एवढेच म्हणते, कुठे ते म्हणत नाही. मुलगे शाळेच्या मागच्या भिंतीकडे, चिंचेखाली, ओढ्याकाठी कुठेही धावत जातात आणि धावत येतात. मुली करंगळी दाखवतात, बाहेर जातात, कुलूप पाहतात आणि परत येऊन बसतात. हे मी किती वर्षे पाहत होते! एका शुक्रवारी शेवटच्या तासाला मी आठवीच्या मुलींना आपापल्या बाटल्या बाकावर ठेवायला सांगितल्या. गुलाबी, निळ्या, जुन्या थंड पेयांच्या, एक औषधाची काचेची. वर्गभर बाटल्या उभ्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. खटावसारख्या दुष्काळी भागात ते पाणी पहाटे उठून हंड्याने आणलेले असते. मी एकीला विचारले, "पाणी का गं पीत नाहीस?" ती म्हणाली, "आई म्हणते, शाळेत पिऊ नकोस." तिच्या आईनेही तो हिशोब मांडला होता.

शाळेत स्वच्छतागृह नव्हते असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहाची अट आहे. १५ ऑगस्ट २०१४ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह असावे असे सांगितले, आणि त्यानंतर गावोगावी बांधकामे झाली. आमच्या शाळेतही झाले. पांढऱ्या फरशा, निळे दार, बाहेर रंगवलेला फलक. पण त्याला नळजोडणी नव्हती. पाण्याशिवायचे स्वच्छतागृह आठवडाभरात वापरण्याजोगे राहात नाही. ते घाण झाले, मग साफ कोण करणार हा प्रश्न आला, आणि त्या प्रश्नाचे उत्तर सापडेना म्हणून कुलूप लागले. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात, एका लाकडी तुकड्याला सुतळीने बांधलेली. मुलीने किल्ली मागायची म्हणजे सात-आठ पुरुष शिक्षक बसलेल्या खोलीत जाऊन त्या लाकडी तुकड्याकडे बोट दाखवायचे. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे कोण करेल? पाळीच्या दिवसांत तर मुली शाळेतच येत नसत, आणि हजेरीपटावर महिन्याचे तेच चार दिवस गैरहजेरीची खूण दिसत असे. ती खूण मी स्वतःच्या हाताने करत असे.

साफ कोण करणार, या प्रश्नावर मला थोडे थांबायचे आहे, कारण सगळे तिथेच अडते. आमच्या शाळेत सफाई कामगाराचे पद नाही. शिपाईमामांना हे काम सांगितले तर ते त्यांच्या कामात बसत नाही असे ते म्हणाले, आणि ते खरेही होते. एका बैठकीत कोणी तरी गावातल्या एका विशिष्ट वस्तीचे नाव घेऊन "तिकडून कोणाला तरी बोलवा" असे म्हणाले, आणि ते वाक्य इतक्या सहजपणे आले की कोणी मान वर करून पाहिले नाही. त्या वस्तीतल्या तीन मुली माझ्या वर्गात आहेत. मी त्या दिवशी आयुष्यात प्रथमच बैठकीत आवाज चढवला. स्वच्छतागृह साफ करणे हे काम आहे, आणि काम म्हटले की त्याला पगार, हातमोजे, ब्रश, फिनेल आणि वेळ द्यायला हवा. ते कोणाच्या जन्माला चिकटवायचे नसते आणि मुलींकडून शिक्षा म्हणूनही करून घ्यायचे नसते. एवढे बोलून मी बसले तेव्हा माझे हात थरथरत होते. मुख्याध्यापक सरांनी काही क्षण विचार केला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मांडा, मी सही करतो." त्यांच्याविषयी माझ्या मनात त्या दिवसापासून आदर आहे. किल्ली खणात ठेवण्यामागे त्यांचा दुष्टपणा नव्हता, त्यांनाही मार्ग दिसत नव्हता.

मग जे झाले ते हळूहळू झाले. ग्रामपंचायतीने ५०० लिटरची टाकी बसवून दिली. गावातल्या बचत गटातल्या दोन महिलांनी ठरलेल्या मासिक मोबदल्यावर रोज सकाळी सफाई करायचे मान्य केले, त्यासाठी आम्ही शिक्षकांनी आणि पालकांनी वर्गणी धरली. आतून कडी बसवली, कचऱ्यासाठी झाकणाचा डबा ठेवला. कुलूप काढून टाकण्याला मात्र विरोध झाला, कारण रात्री बाहेरचे लोक वापरतील अशी भीती होती, म्हणून शाळेच्या वेळात दार उघडे आणि शाळा सुटल्यावर कुलूप असा तोडगा निघाला. या सगळ्याला चौदा महिने लागले. दोनदा टाकीचा नळ चोरीला गेला. एका उन्हाळ्यात टँकर आला नाही तेव्हा तीन आठवडे पुन्हा कुलूप लागले. उन्हाळ्यात ही अडचण अजूनही येते.

केरळात २०१९ साली शाळांमध्ये दिवसातून ठरावीक वेळा पाणी पिण्याची घंटा सुरू झाल्याचे मी वाचले होते. तोच प्रयोग आम्ही केला. दुसऱ्या तासानंतर, मधल्या सुट्टीत आणि सहाव्या तासानंतर घंटेचे दोन टोल पडतात, सगळे आपापल्या जागी उभे राहून घोट-दोन घोट नव्हे तर नीट पाणी पितात, आणि पुढची पाच मिनिटे मुलींनी न विचारता बाहेर जायचे. "न विचारता" हे मी मुद्दाम लिहून घेतले. पहिल्या आठवड्यात एकही मुलगी उठेना. मग मी स्वतः वर्गातून उठून, "मी लघवीला जाऊन येते," असे स्पष्ट म्हणून गेले. वर्गात शांतता पसरली, मागून एक-दोघे मुलगे हसले, आणि दुसऱ्या दिवशी दोघी उठल्या. शब्द उच्चारल्याने आभाळ कोसळत नाही, हे त्यांना कोणी तरी दाखवायला हवे होते.

या विषयाची लाज आपल्या सामाजिक जीवनात इतकी मुरलेली आहे की ती लाज आहे हेही कळत नाही. माझ्या सासूबाई तुळजापूरला निघाल्या की आदल्या रात्रीपासून पाणी बंद करायच्या. त्यांनी मलाही लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात शिकवले होते: "बाईने प्रवासात पाण्याला शिवू नये, नुसते ओठ ओले करावेत." पुरणपोळीची कणीक कशी तिंबायची हे शिकवावे तितक्या मायेने त्यांनी हे शिकवले, आणि त्यांच्या काळात ते खरोखरच उपयोगाचे होते. लग्नकार्यात सकाळपासून शालू नेसून बसलेली वरमाय दुपारपर्यंत पाणी मागत नाही. हळदीकुंकवाला गेलेली बाई यजमानीणबाईंना स्वच्छतागृह विचारत नाही, घरी येईपर्यंत थांबते. गाडीने जाताना पुरुष घाटात गाडी बाजूला घेऊन उतरतात, आम्ही काचा वर करून बसून राहतो आणि पुढचा बरा पेट्रोल पंप किती लांब आहे याचा मनात अंदाज घेतो. आता मी माझ्या घरी हळदीकुंकू केले की आलेल्या प्रत्येकीला आधी पाणी देते आणि त्याच वेळी, "आत उजवीकडे बाथरूम आहे, मोकळेपणाने जा," असे सांगते. गेल्या संक्रांतीला एक वयस्कर वहिनी वाण न घेताच आधी तिकडे गेल्या आणि बाहेर येऊन त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

वयाचाही यात भाग आहे. पाळी गेल्यानंतर शरीरातले इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते, मूत्रमार्गाच्या आतले अस्तर पातळ होते आणि संसर्गाचा धोका वाढतो. मधुमेह असेल तर आणखी वाढतो. शिवाय खोकताना, हसताना, जिना चढताना थोडी लघवी होते म्हणून पाणी कमी करणाऱ्या माझ्या वयाच्या कितीतरी मैत्रिणी आहेत. त्याने उलट होते, कारण दाट, गडद लघवी मूत्राशयाला चुरचुरते आणि घाई वाढवते. ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम नियमित केला तर अनेकींना आराम पडतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे तो एकदा नीट शिकून घ्यावा.

पाणी किती प्यावे, असे मला आता खूप जणी विचारतात. मी लिटर सांगत नाही, लघवीचा रंग पाहायला सांगते. फिकट पिवळा असेल तर ठीक, चहासारखा गडद असेल तर कमी पडते आहे. एकदम तांब्याभर न ढोसता दिवसभर वाटून प्यावे, जागेपणी तीन-चार तासांहून अधिक रोखून धरू नये, आणि उलट "पुढे सोय नसेल" या भीतीने दर अर्ध्या तासाला जाण्याची सवयही लावून घेऊ नये, कारण मग मूत्राशय थोडे भरले तरी कळ लावू लागते. स्वच्छता करताना हात पुढून मागे न्यावा. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे आणि डॉक्टरांनी पाणी मोजून दिले आहे, त्यांनी मात्र ते मापच पाळावे. आणि थंडी वाजून ताप, पाठीत एका बाजूला दुखणे, लघवीतून रक्त, यांपैकी काहीही झाले किंवा गरोदरपणात नुसती जळजळ जरी झाली, तरी धणे-जिऱ्यावर न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मी त्या बसमधल्या हुडहुडीच्या आधी दोन दिवस पाठ दुखत असताना शाळेत जात होते.

हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही, हे समजल्यावर मी त्याविषयी मिळेल ते वाचू लागले. कारखान्यांत स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच सांगितलेले होते. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी', म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, या नावाने स्त्रियांनी मोहीम चालवली. सार्वजनिक मुताऱ्या पुरुषांना फुकट आणि स्त्रियांकडून मात्र पैसे, हा भेद त्यांनी चव्हाट्यावर आणला. पुण्यात २०१६ पासून जुन्या शहर बसगाड्यांचे स्त्रियांसाठी स्वच्छतागृहात रूपांतर करण्याचा 'ती' हा उपक्रम झाला, त्यातल्या एका गाडीत मी जाऊन आले आहे, आत आरसा होता आणि बाळाला दूध पाजायला जागा होती. आणि १५ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांच्या आवारातल्या स्वच्छतागृहांविषयीच्या निकालात सांगितले की ही सोय संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ती बातमी मी दहावीच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. नागरिकशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्क शिकवताना इतकी वर्षे मी या उदाहरणाजवळून जात होते आणि मला ते दिसले नव्हते.

मला २०१७ नंतर फक्त एकदाच संसर्ग झाला, तोही साधा. शाळेत असेपर्यंत माझी बाटली एकदा रिकामी होऊन दुसऱ्यांदा भरली जाते. अडचण उरली आहे ती प्रवासाची. संध्याकाळची बस चुकली तर स्टँडवर पाऊण तास थांबावे लागते, आणि तिथल्या दाराला अजूनही कडी नाही. त्या मार्गावर दोघी कंडक्टर भगिनी आहेत, त्यांची ड्यूटी माझ्या प्रवासापेक्षा कितीतरी लांब असते आणि त्यांना तर फेरीच्या मधल्या दहा मिनिटांत हिशोब, चहा आणि हे सगळे उरकायचे असते. एकीला गेल्या वर्षी मूतखडा झाला. आम्ही तिघींनी मिळून अर्ज लिहिला: कडी, दिवा, नळाला पाणी आणि दिवसातून दोन वेळा सफाई, एवढ्या चार मागण्या. त्यावर रोजच्या प्रवासी स्त्रियांच्या ४३ सह्या घेतल्या, त्यांत कॉलेजच्या मुली आहेत, भाजी विकायला येणाऱ्या मावश्यांचे अंगठे आहेत. अर्ज दिल्याची पोच आमच्याकडे आहे. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला अर्ज वर पाठवला आहे असे सांगितले गेले. येत्या सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे आणि आम्ही तिघी पोचेची प्रत घेऊन पुन्हा जाणार आहोत.